जपानी मुलीची मोडलेली जोडी

ट्रेनरबाईंनी त्या जपानी मुलीला फसवलं. तिचा जोडीदार त्यात सामील होता. मुलीने कुणालाही फसवलं नाही. हे मी आधीच लिहून टाकते, कारण पुढे लिहिताना मी कितीही आडवळणाला गेले तरी वाचणाऱ्याने एवढं विसरू नये. ट्रेनरबाई अजून त्याच स्केटिंगच्या हॉलमध्ये शिकवतात. रस्त्यात भेटल्या तर मला ‘हालो’ म्हणतात, जणू काही झालंच नाही.

मी स्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन भागात कपड्यांच्या आल्टरेशनचं दुकान चालवते. आमचे हे गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून आले आणि मी त्यांच्यामागून आले. इतर बायका पहिली दोन वर्षं जर्मन शिकण्यात आणि रडण्यात घालवतात. मी बार्शीची. माझे वडील आठवडी बाजारात स्टीलची भांडी विकायचे आणि सुट्टी असली की मी त्यांच्याशेजारी पोत्यावर बसायचे. उठून चाललेल्या गिऱ्हाइकाला कधी हाक मारायची आणि कधी जाऊ द्यायचं, हे मला शाळेतल्या पाढ्यांच्या आधी कळलं. इथे आल्यावर मी शेजारणींच्या पॅन्ट्स आखूड करून द्यायला लागले, मग एक जुनं मशीन घेतलं, मग ओव्हरलॉक, मग दुकान. कुणी हात दिला नाही. कुणी दिला असता तर मी त्यालाही चार शब्द सुनावले असते, असं आमचे हे म्हणतात.

स्केटिंगचे कपडे माझ्याकडे योगायोगाने आले. एका आईने मुलीचा फाटलेला ड्रेस आणला, मी तो असा शिवला की शिवण कुठे होती ते तिला सापडेना. आठवड्याभरात हॉलमधल्या सगळ्या आया माझ्या दारात. त्यांच्यामागून ट्रेनरबाई आल्या. उंच, केस घट्ट बांधलेले, बोलताना समोरच्याच्या खांद्याकडे बघणार, जणू तिथे काहीतरी वाकडं आहे. पहिल्याच दिवशी आमची तारखेवरून जुंपली. त्यांना सोमवारी ड्रेस हवा होता, मी गुरुवार म्हटलं. शेवटी बुधवारी ठरलं आणि दोघी खूश झालो. खरं सांगायचं तर तेव्हा मला त्या आवडल्या होत्या. आपल्यासारखी घासाघीस करणारी बाई परदेशात भेटली की बरं वाटतं.

ट्रेनरबाई जोडीचं स्केटिंग शिकवायच्या. जोडीत मुलगा मुलीला डोक्यावर उचलतो, हवेत फिरवतो, लांब फेकतो, आणि फेकलेल्या मुलीने एका पायावर उतरून हसायचं. मुलगी लहानखुरी लागते, मुलगा धिप्पाड. लहानखुऱ्या मुली हव्या तेवढ्या मिळतात. बर्फावर नाचायला तयार असलेला धिप्पाड मुलगा मात्र शोधून सापडत नाही. म्हणून सगळा बाजार मुलाकडच्यांच्या हातात. ट्रेनरबाईंनी मला हे समजावून सांगायला घेतलं तेव्हा मी म्हटलं, पुढचं सांगू नका, हे मी जन्मापासून बघतेय.

ती जपानी मुलगी त्या मुलाला ‘दाखवायला’ आली होती. त्यांच्यात ट्रायआउट म्हणतात. एकोणीस-वीस वर्षांची असेल. जपानमध्ये ती एकटीची स्पर्धा करायची, लहान गटात चांगले नंबर यायचे, पण तिथे तिच्याएवढ्या चांगल्या मुलींची रांग होती आणि जोडी करावी तर मुलगे नव्हते. म्हणून एकटी, एक सुटकेस आणि दोन जोड बूट घेऊन स्टुटगार्टला. ड्रेसचं माप द्यायला ट्रेनरबाई तिला माझ्याकडे घेऊन आल्या, म्हणजे पसंती झाली होती.

“वजन बरोबर आहे,” ट्रेनरबाई तिच्यादेखतच म्हणाल्या. “उंची बरोबर आहे. आणि पडली तरी बोलत नाही.”

“मुलाचं काय?” मी विचारलं. “तो बोलतो का?”

“तो मुलगा आहे,” त्या म्हणाल्या.

मुलगा मागे दारात उभा होता. देखणा, गुलाबी कानांचा, दाराच्या चौकटीएवढा. त्याने हसून खांदे उडवले.

जोडीच्या ड्रेसचं एक वेगळंच असतं. मुलीच्या कंबरेवर, बरगड्यांवर जिथे मुलाचे हात पडतात तिथे खडे लावायचे नाहीत. खडा त्याच्या तळव्याला रुतला, हात क्षणभर सैल झाला, की मुलगी खाली. मी त्या मुलाच्या तळव्यांना शिंप्याचा खडू फासायचे आणि नुसत्या कापडाच्या ड्रेसवर त्याला तिची कंबर धरायला लावायचे. दोन पांढरे पंजे उमटायचे. तेवढी जागा सोडून बाकी सगळीकडे मी एकेक खडा चिकटवायचे. मुलगी आरशात ते पंजे बघायची आणि लाजायची. मुलाला त्यात काही वाटायचं नाही.

ती जवळच एका खोलीत राहायची आणि सरावानंतर माझ्या दुकानात यायची. आमच्या दोघींची जर्मन सारखीच मोडकी, म्हणून छान जमायचं. तिला क्रियापद सापडलं नाही तर मलाही सापडायचं नाही, मग आम्ही हातवारे करायचो. ओळखीच्या मराठी कुटुंबांतली मुलं मला मावशी म्हणायची ते ऐकून तीही म्हणायला लागली, पण तिला नुसतं मावशी म्हणणं उद्धटपणाचं वाटे. म्हणून मागे जपानी आदराचं ‘सान’ लावून ‘मावशीसान’. आमचे हे जेवायला बसले की म्हणायचे, “मावशीसान, आमटी वाढा.” तिला ती आमटी आवडायची. भात तिला माझा आवडायचा नाही, फार मोकळा होतो म्हणायची, चमच्यातून पळतो.

पहिल्या वर्षी ती फेकीवर सारखी पडायची. मांडीवर माझ्या पंजाएवढे काळेनिळे डाग असत आणि ते दिसू नयेत म्हणून मोजे जाड शिवावे लागत. दुसऱ्या वर्षी त्यांचं नाव व्हायला लागलं. एका स्पर्धेला मी हॉलमध्ये गेले होते. तो तिला दोन हातांवर उचलून अख्ख्या बर्फावरून घेऊन गेला आणि ती वर अशी आडवी झाली होती की जणू पलंगावर पडून छताकडे बघतेय. माझ्या शेजारची जर्मन बाई म्हणाली, “केवढा विश्वास आहे.” मी म्हटलं, “ड्रेस माझा आहे.” त्या दिवशी ते तिसरे आले. तिने आईला फोन लावला, एकच शब्द बोलली आणि ठेवून दिला. मी विचारलं, एवढंच? ती म्हणाली, नंबर सांगितला, आई बाकीचं समजते.

मग ऑलिंपिकचं निघालं. इतर स्पर्धांत जोडीतला एक जण त्या देशाचा असला तरी चालतं. ऑलिंपिकला चालत नाही, दोघंही त्याच देशाचे नागरिक लागतात. ट्रेनरबाईंनी सांगितलं की खेळाडूंसाठी लवकर नागरिकत्व मिळतं, सगळी व्यवस्था होईल, तिने फक्त हो म्हणायचं. पण जपानचा कायदा आपल्यासारखाच आहे. दुसरा पासपोर्ट घेतला की पहिला गेला. आपल्या लोकांच्या घरात या एका विषयावर किती वर्षं चर्चा चालतात हे मला माहीत होतं. आमचे हे स्वतःच दर दिवाळीला घ्यायचा ठरवायचे आणि दर पाडव्याला रद्द करायचे. वोल्फ्सबुर्गच्या एका मराठी इंजिनिअरने घेतला तर त्याच्या वडिलांनी वर्षभर त्याच्याशी बोलणं टाकलं. ही तर एवढीशी पोरगी. तिने माझ्याकडे येऊन विचारलं, मावशीसान, तुम्ही लोक काय करता?

मी म्हटलं, आम्ही बैठक घेतो.

आपल्याकडे मुलगी द्यायची तर आधी चारचौघांत बोलणी होतात. कोण काय सोडणार, कोण काय करणार, सगळं मोठ्यांसमोर तोंडाने बोलायचं, आणि पटलं की हातावर साखर. त्यानंतर शब्द फिरवणाऱ्याला गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही. मी ट्रेनरबाईंना निरोप पाठवला की रविवारी दुकान बंद असतं, मुलाला घेऊन या. मुलीची आई तेव्हा जपानहून आली होती. एवढीशी बाई, पूर्ण वेळ खुर्चीच्या कडेवर बसलेली, पर्स मांडीवर. मोठं माणूस म्हणून मी आमच्या ह्यांना बसवलं.

मी सरळ बोलले. मुलगी तिचा देश सोडेल. मुलाने मुलीला सोडायचं नाही, ऑलिंपिक होईपर्यंत. पडली, दुखापत झाली, नंबर खाली गेला, तरी नाही. चालेल?

ट्रेनरबाई हसल्या. “आल्झो, बरं, असं मी पहिल्यांदाच ऐकतेय. पण सुंदर आहे.”

“सुंदर राहू द्या. चालेल का ते सांगा.”

“गेनाऊ, अगदी,” त्या म्हणाल्या. “तसंच होईल.”

मुलगाही हो म्हणाला. मुलीच्या आईने मुलीमार्फत त्याला एकच विचारलं, की उचलल्यावर तुझा हात कधी सुटलाय का. तो म्हणाला, “उचलल्यावर कधीच नाही.” आई उठून त्याच्यापुढे इतकी खाली वाकली की तो गडबडून उभाच राहिला.

मी साखरेची वाटी फिरवली. आमचे हे मराठीत पुटपुटले, “अगं, साखर कसली देतेस, कागद दे. सही घे.”

“अहो, आपल्या साखरपुड्याला कुणी कागद केला होता?”

“म्हणूनच सांगतोय,” ते म्हणाले.

ट्रेनरबाईंनी विचारलं काय चाललंय, तर मी म्हटलं, माझ्या नवऱ्याला जास्त साखर हवीय. सगळे हसले. सगळ्यांनी साखर तोंडात टाकली. नंतर पुष्कळांनी मला सांगितलं की लिहून घेतलं नाहीस ही तुझी चूक. मला ते पटत नाही. पाच माणसांसमोर तोंडाने हो म्हणणाऱ्याची चूक होत नाही आणि ऐकणाऱ्याची होते, हा कुठला हिशेब?

वसंतात तिला नागरिकत्वाचं प्रमाणपत्र मिळालं. ते द्यायच्या वेळी मी होते, ट्रेनरबाईही होत्या. मोठा फुलांचा गुच्छ घेऊन आल्या होत्या. मुलीने तिथे म्हणायचं शपथेचं वाक्य घरी आठवडाभर पाठ केलं होतं आणि ते तिने एकही चूक न करता म्हटलं. नंतर ती जपानी वकिलातीत जुना पासपोर्ट घेऊन गेली. तिथे त्याला छिद्रं पाडून तो तिला परत दिला. दुकानात येऊन तिने तो माझ्या मशीनवर ठेवला.

“मावशीसान,” ती म्हणाली, “हा शिवून दे.”

मी हसले. तीही हसली. मग तिने तो पिशवीत टाकला आणि विचारलं, जेवायला काय आहे.

ऑलिंपिकच्या हंगामाचा ड्रेस मी तेव्हाच शिवायला घेतला होता. गडद निळा, पाठीवर उतरत जाणारे खडे. उन्हाळ्याच्या सुरुवातीला ती फेकीत खांद्यावर पडली. मोडलं काही नव्हतं. ट्रेनरबाईंनी तिला सांगितलं, तीन आठवडे हॉलकडे फिरकू नकोस, पूर्ण आराम. तिला ते चांगुलपण वाटलं. मलाही.

त्याच दिवसांत ट्रेनरबाईंचा मला फोन आला. निळा ड्रेस कंबरेत आत घ्या, छातीवर आत घ्या, घेर थोडा वर.

“बारीक झाली का?” मी विचारलं.

“हंगामाआधी होतातच मुली.”

“मग तिला पाठवा ना, अंगावर घालून बघते.”

“नको, तिला आराम करू द्या. मी सांगते तेवढं आत घ्या.”

मी दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवून ठेवल्या. आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मुलगी जेवायला आली तेव्हा तिला झापलं. म्हटलं, ट्रेनरबाई ड्रेस आत घ्यायला सांगतायत, खात नाहीस, वजन घालवतेस, उद्या भोवळ येऊन पडशील, मग कोण निस्तरणार? ती म्हणाली, खाते की. मी म्हटलं, उभी राहा. गळ्यात टेप होतीच. कंबरेला लावली. जानेवारीत होती तेवढीच. छातीला लावली. तेवढीच. मी पुन्हा कंबरेला लावली, कारण टेप खोटं बोलत नाही हे मला माहीत असूनही मला तिच्यावर विश्वास ठेवायचा नव्हता.

तिचे हात वरच होते. माप घेताना हात वर धरायची तिला सवय होती. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

“ड्रेस कुणासाठी आत घ्यायचाय?” तिने विचारलं.

मी टेप गुंडाळली. तिने हात खाली घेतले, टेबलावरचा निळा ड्रेस उचलला, उसवलेल्या शिवणीवरून बोट फिरवलं आणि घडी घालून ठेवला. मग पानातलं सगळं संपवलं. एक शीतही टाकलं नाही. मला त्या दिवसाचं एवढंच पक्कं आठवतं, की ती सावकाश जेवत होती आणि मी तिच्यासमोर बसून तिच्या ताटाकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान बंद ठेवून हॉलवर गेले. तिला येऊ नको म्हटलं होतं, तरी ती मागून आली. बर्फावर तो मुलगा होता आणि त्याच्या हातांवर, वर, एक दुसरीच मुलगी. इथलीच, चौदा-पंधरा वर्षांची, वीतभर कंबरेची. मी कठड्यापाशी जाऊन जे बोलले ते अर्धं जर्मन होतं आणि अर्धं बार्शीचं. ट्रेनरबाईंनी संगीत बंद केलं.

“तुम्ही शब्द दिला होता,” मी म्हटलं.

“हा खेळ आहे,” त्या म्हणाल्या. “खेळात शरीर बघावं लागतं. तिचा खांदा आता तसा राहिला नाही.”

“तीन आठवड्यांत बरा होईल असं तुम्हीच म्हणालात. आणि झाला नसता तरी तेच ठरलं होतं. पडली तरी नाही, दुखापत झाली तरी नाही.”

“कुठे लिहिलंय?”

“तुम्ही माझ्या हातची साखर खाल्लीत.”

“साखर मी कॉफीतही खाते.”

मी मुलाकडे वळले. “तू? तुला काय झालं होतं?” तो बुटाच्या टोकाने बर्फ उकरत राहिला. म्हणाला, ट्रेनर ठरवते. बावीस-तेवीस वर्षांचा बाप्या, त्या पोरीला डोक्यावर उचलणारा, आणि म्हणतो ट्रेनर ठरवते.

मी कठड्याचं दार उघडून बर्फावर उतरणार होते. चपलांत. तेवढ्यात मुलीने मागून माझी बाही धरली. मग ती माझ्यापुढे झाली आणि ट्रेनरबाईंपुढे वाकली. आवाज झाला, त्रास झाला, माफ करा, असं म्हणाली. मग मुलापुढे वाकली. त्या लहान मुलीपुढेही. ती बिचारी घाबरून त्याच्या मागे लपली. मला आयुष्यात पुष्कळ लोकांनी लुबाडायचा प्रयत्न केलाय, मी कुणाला सोडलं नाही. पण त्या सकाळी ज्याची चूक नाही तो माफी मागत होता आणि मला काही करता येत नव्हतं. परत येताना ट्राममध्ये मी तिला रागाने विचारलं, का वाकलीस? ती म्हणाली, तिथे मी चार वर्षं शिकले.

त्यानंतर तिने दोन मुलांबरोबर ट्रायआउट दिलं. एक तिच्यापेक्षा जेमतेम उंच होता. दुसऱ्याने पसंत केली आणि मग त्याच्या घरच्यांनी दुसरीकडे जमवलं. एकटीने उतरावं तर एकटीच्या उड्या सोडून तिला वर्षं झाली होती आणि खांदा थंडीत धरायचा. जपानकडून खेळावं तर ती आता जपानची नव्हती. मी म्हटलं, परत घे की पासपोर्ट. ती म्हणाली, मागता येतो, पण तिथे जाऊन परदेशी म्हणून राहायचं, मग अर्ज करायचा, मग वर्षं जातात. तोवर वय कुठे थांबतंय. स्पर्धा संपली ती अशी. कुणी जाहीर केलं नाही, तिनेही नाही. एका हिवाळ्यात ती बूट घेऊन सरावाला गेली नाही, एवढंच.

तो मुलगा आणि ती नवीन मुलगी ऑलिंपिकला गेले. ड्रेस मी दिला नाही, त्यांनी दुसरीकडे शिवला. मी आणि हे टीव्हीसमोर बसलो. ती पोरगी पहिल्याच फेकीवर पडली, नंतर पुन्हा, आणि ते तळाला गेले. मी इतके महिने या क्षणाची वाट बघत होते असं मला वाटलं होतं. पण ती उठून हसली तेव्हा मी उठून स्वयंपाकघरात गेले. यांनी विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही, दूध ठेवलंय.

जपानी मुलगी हॅम्बर्गला गेली. तिथे एका हॉलमध्ये लहान मुलांना बर्फावर उभं राहायला शिकवते. आजी गेली तेव्हा ती जपानला गेली होती. विमानतळावर आपल्याच देशात तिला परदेशी लोकांच्या रांगेत उभं राहावं लागलं. अधिकाऱ्याने इंग्रजीत विचारलं, कशासाठी आलात? तिने जपानीत सांगितलं, आजीच्या अंत्यविधीला. तरी तो इंग्रजीतच म्हणाला, नव्वद दिवस राहता येईल. हे तिने मला फोनवर सांगितलं, हसत. मग मी तिच्या आईची चौकशी केली तर म्हणाली, आई काही विचारत नाही.

आणि गेल्या वर्षी मला एक गोष्ट कळली, जिच्यामुळे मी हे लिहायला बसले. हॉलमधल्या कॅफेत पूर्वी काम करणारी बाई कोट छोटा करायला आली होती. गप्पांत ती सहज म्हणाली की त्या नवीन मुलीला तर ट्रेनरबाई कितीतरी आधीपासून सकाळी लवकर बोलवायच्या, हॉल उघडायच्या आत, त्या मुलाबरोबर. मी विचारलं, म्हणजे केव्हापासून? ती म्हणाली, त्या वर्षी फेब्रुवारीतल्या फाशिंगच्या सणाला मुलं वेष करून आली होती, तेव्हा ती होती. खांदा दुखावला उन्हाळ्यात. प्रमाणपत्र मिळालं वसंतात.

बाईला कदाचित वर्ष आठवत नसेल. म्हणून मी ठरवून टाकत नाही, मी विचारते. ट्रेनरबाई, तुम्हाला मराठी येत नाही, पण हे मी जर्मनमध्ये करून तुमच्या पत्रपेटीत टाकणार आहे. खेळात शरीर बघावं लागतं, हे तुमचं म्हणणं मी एक वेळ ऐकून घेईन. पण तुम्ही प्रमाणपत्राच्या दिवशी फुलं घेऊन आलात, पहिल्या रांगेत उभ्या राहिलात, तिने आपला देश सोडल्याचं वाक्य म्हटलं आणि तुम्ही टाळ्या वाजवल्यात. तेव्हा ती दुसरी मुलगी तुम्ही आधीच उभी केली होती का? एक शब्द बोलला असतात तर ती त्या खोलीतून जपानी म्हणूनच बाहेर पडली असती. मला सांगू नका, हॅम्बर्गला जाऊन तिला सांगा. हो की नाही?